विमान उतरलें, पुढें काय?

प्रवासास निघणाऱ्या मनुष्यानें दोन हिशेब करावयाचे असतात. एक पैशाचा व दुसरा वेळेचा. विमानप्रवासाच्या बाबतींत आपलीं कुटुंबें हे दोन्ही हिशेब अर्धेच करतात, असें आम्हांस दिसून येतें. परदेशीं असलेला मुलगा केव्हां निघणार, विमान मध्यें कोठें थांबणार, एकंदर तास किती लागणार, तिकीट कितीला पडलें, या सर्व गोष्टी घरांतील शाळकरी पोरासही तोंडपाठ असतात. पण विमान मुंबईस उतरल्यावर तें माणूस सामानासह शहरांत कसें येणार, आणि तेथून बारामतीस किंवा इंदापुरास कसें पोंचणार, असें विचारलें कीं उत्तर ठरलेलें असतें: "येईल कीं गाडी करून!" हत्ती गेला आणि शेपूट राहिलें, असें आपण म्हणतों. विमानप्रवासांत हें शेपूटच पुष्कळदां हत्तीपेक्षां भारी ठरतें. या महिन्यांत त्या शेपटाचाच विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रवासाच्या मध्यें वाहन बदलणें ही गोष्ट आपल्या भागास नवी नाहीं. १९१४ सालीं दौंड-बारामती हा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें बारामतीकर दौंडास उतरून दुसऱ्या गाडींत बसत असे. पुढें तो मार्ग रुंद झाला. इंदापूर शहरास अद्यापिही लोहमार्ग नाहीं. तेथील लोक भिगवण, जेऊर किंवा कुर्डुवाडी गांठतात. परंतु आगगाडीचा एक मोठा गुण असा कीं ती प्रवाशास गांवाच्या वस्तींत आणून सोडते. विमानास तें साधत नाहीं. त्यास लांबलचक धावपट्टी व मोकळें आकाश लागतें, म्हणून तें गांवाबाहेर उतरतें आणि उरलेली वाट ज्याची त्यानें पाहावी असें सांगून मोकळें होतें. उजनीच्या जलाशयावर भिगवणाकडे दरसाल येणारे रोहित पक्षी दूरदूरच्या प्रदेशांतून उडत येऊन नेमके पाण्यांतच उतरतात. त्यांना पुढें रिक्षा शोधावी लागत नाहीं. मनुष्याच्या उड्डाणास तें भाग्य अजून लाभलेलें नाहीं.

मुंबईचेंच उदाहरण घेऊं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाचें विमान आणून जुहूस उतरविलें, तेव्हां जुहू ही शहराबाहेरची मोकळी जागा होती. पावसाळ्यांत तेथें चिखल होई, म्हणून टाटांची टपालसेवा त्या दिवसांत पुण्यास हलवावी लागे. पुढें विमानतळ सांताक्रुझास व नंतर सहारलाही पसरला, आणि शहर धांवत धांवत येऊन त्याच्या चारी बाजूंनीं उभें राहिलें. त्यामुळें आज तेथून दादर किंवा गिरगांव हें अंतर किलोमीटरांत थोडें असलें, तरी संध्याकाळच्या गर्दींत तासांत फार मोठें होतें.

या अडचणीवर इतक्या वर्षांनीं एक खराखुरा उपाय निघाला आहे, तो म्हणजे मुंबई मेट्रोचा तिसरा मार्ग. आरे ते कफ परेड असा सुमारें साडेतेहतीस किलोमीटरांचा हा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें उघडत गेला व ऑक्टोबर २०२५ मध्यें पूर्ण झाला. सत्तावीस स्थानकांपैकीं एक देशांतर्गत विमानांच्या पहिल्या टर्मिनलापाशीं व एक सहारच्या दुसऱ्या टर्मिनलापाशीं आहे. तेथें बसलेला मनुष्य गाडी न बदलतां दादर, गिरगांव, काळबादेवी किंवा छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस येथें उतरूं शकतो. वर रस्त्यावर मोटारी खोळंबलेल्या असोत कीं मुसळधार पाऊस असो, खालच्या गाडीस त्याची वार्ता नसते. येथें एक सूचना अवश्य करावीशी वाटते. घाटकोपर-वर्सोवा या २०१४ सालच्या पहिल्या मेट्रो मार्गावर 'एअरपोर्ट रोड' नांवाचें स्थानक आहे. परंतु तें विमानतळाच्या दारीं नाहीं. नांव वाचून तेथें सामान घेऊन उतरणाऱ्याची फसगत होते. त्या मार्गानें येणाऱ्यानें मरोळ नाक्यास उतरून तिसऱ्या मार्गाची गाडी धरावी.

आमच्या वाचकांना याचा उपयोग असा कीं, दिवसां उतरलेला प्रवासी मेट्रोनें थेट शिवाजी महाराज टर्मिनसास येऊन पुण्याची किंवा सोलापूरची गाडी धरूं शकतो. १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत गाडी पुण्यास व कुर्डुवाडीस थांबते. म्हणजे बारामतीकरानें पुण्यास व इंदापूरकरानें कुर्डुवाडीस उतरावें हें उत्तम. पांचशें किलोमीटर मोटार पळविण्याचें कारणच उरत नाहीं.

परंतु मेट्रो रात्रीं साडेदहाच्या सुमारास मिटते व पहांटे सहाच्या सुमारास उघडते, आणि परदेशांतून येणारीं पुष्कळ विमानें नेमकीं त्याच वेळांत उतरतात. येथें आमच्या विषयाचें खरें मर्म आहे. वाचकांनीं आमच्याबरोबर एक हिशेब करून पाहावा. बारामतीहून पुणें सुमारें शंभर किलोमीटर, पुण्याहून सहार सुमारें दीडशें. म्हणजे एकेरी अडीचशें व दुहेरी पांचशें किलोमीटर. इंदापूरकरांनीं त्यांत आणखी ऐंशींची भर घालावी. विमान रात्रीं एक वाजतां उतरणार, म्हणून गाडी घरून दुपारीं चार-पांचला निघते. विमान उतरल्यावर पारपत्राची तपासणी, सामानाची वाट पाहणें, जकातीचा दरवाजा हें सर्व आटोपून माणूस बाहेर येतें तों दोन वाजतात. भेटीगांठी होऊन, बॅगा टपावर बांधून गाडी निघते अडीचला. खोपोली येते पहांटे चारच्या सुमारास. पहांटे दोन ते पांच हा मनुष्यावर झोपेचा अंमल सर्वांत गाढ असण्याचा काळ. गाडी हांकणारा बारा तासांचा जागा. आणि मागें बसलेलीं घरचीं माणसें प्रवासाच्या शिणानें केव्हांच झोपीं गेलेलीं. द्रुतगति मार्ग सरळ व गुळगुळीत आहे, म्हणून तर तेथें डोळा लागण्याचें भय अधिक. समुद्रापलीकडून हजारों कोस सुखरूप आलेलें माणूस शेवटच्या साठ-सत्तर कोसांत आपण स्वतःच्या हातानें संकटांत लोटतों, आणि तें कशासाठीं? तर त्या रात्रीच्या विमानाचें तिकीट चार-दोन हजारांनीं स्वस्त होतें यासाठीं! या स्वस्ताईंत गाडीचें पांचशें किलोमीटरांचें इंधन, पथकर, चालकाचा भत्ता हीं मिळविलीं, तर ती स्वस्ताई बहुधा तेथेंच संपते. जिवाच्या जोखमीचा तर हिशेबच नको.

यावर कोणी म्हणेल, "अहो, पण नातवाच्या बारशासाठीं सहा महिने परदेशीं राहून आलेली आजी विमानतळाबाहेर पडतांना तिला घरचीं चार तोंडें दिसूं नयेत काय?" हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. एकत्र कुटुंबांत स्वागत ही नुसती रीत नसते. माणसाला आपण कोणाचे आहोंत याची ती खूण असते. आमचें म्हणणें एवढेंच कीं घ्यावयास सगळ्यांनीं जाऊं नये. एकानें जावें, आणि त्यानें रात्रीं परतूं नये. घरांतील एखादा धीराचा पुतण्या किंवा भाची दुपारच्या एस.टी.नें किंवा आगगाडीनें मुंबईस जाऊन राहो. रात्रीं आजीस घेऊन, विमानतळावरच पैसे आगाऊ भरून मिळणारी टॅक्सी करून, दादर-पार्ल्याच्या आप्तांकडे किंवा जवळच्या साध्या स्वच्छ हॉटेलांत मुक्काम करो. सकाळीं स्नान, चहा, फराळ उरकून दिवसाउजेडीं सावकाश निघावें. चार तोंडें बारामतीच्या दारांत भाकर-तुकडा घेऊन उभीं राहोत. तेथें त्यांची शोभा अधिक, व आजीही त्यांच्याशीं जागेपणीं बोलूं शकेल.

आतां नव्या विमानतळाविषयीं. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटित होऊन २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानें जाऊं-येऊं लागलीं. तो पनवेल-उलव्याच्या बाजूस आहे, व द्रुतगति मार्गही कळंबोलीस म्हणजे पनवेलजवळच संपतो. अर्थात् पुण्याकडून येणाऱ्या आपल्यासारख्यांना तो सहारपेक्षां पुष्कळ जवळचा. वाशीची खाडी ओलांडून, चेंबूर-कुर्ल्याच्या गर्दींतून वाट काढण्याचें काम वांचतें. उलट गिरगांवांत किंवा दादरास जाणाऱ्यास तोच विमानतळ दूरचा पडतो. त्याला १२ जानेवारी २०२४ रोजीं उघडलेल्या सुमारें बावीस किलोमीटरांच्या अटल सेतूवरून शिवडीस यावें लागतें. एकच विमानतळ एकाला दारचा आणि दुसऱ्याला दूरचा, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण तिकिटावर दोहोंनाही 'मुंबई' असेंच म्हणतात. तिकीट काढतांना शहराच्या नांवापुढील तीन अक्षरें अवश्य पाहावीं. बी-ओ-एम हीं जुन्या विमानतळाचीं व एन-एम-आय हीं नव्याचीं. एका ठिकाणीं उतरून दुसऱ्या ठिकाणाहून पुढचें विमान धरावयाचें असेल, तर मध्यें सबंध महानगर आहे हें विसरूं नये, आणि शक्य तोंवर असें तिकीट काढूंच नये.

राहिलें पुणें. लोहगांवचा तळ मूळचा लष्करी, १९३९ सालचा. आजही धावपट्टी वायुदलाची असून तीवरूनच प्रवासी विमानें उडतात. पुणें स्टेशनापासून तो आठ-नऊ किलोमीटरच आहे, तथापि विश्रांतवाडी किंवा येरवड्याची गर्दी ज्यानें अनुभविली त्याला या आंकड्याचें कौतुक वाटत नाहीं. १४ जुलै २०२४ पासून तेथें नवें टर्मिनल चालू झालें. ॲपवरून बोलाविलेली मोटार दारापाशीं न येतां 'एरोमॉल' नांवाच्या पार्किंगच्या इमारतींत मिळते, म्हणून सामानासह तेवढें चालण्याची तयारी ठेवावी. मेट्रो विमानतळास भिडलेली नाहीं. मार्च २०२४ मध्यें ती रामवाडीपर्यंत आली, आणि तेथून विमानतळ चार-पांच किलोमीटर उरतो.

बारामतीहून विनाथांबा एस.टी.नें येणाऱ्यास मात्र २९ सप्टेंबर २०२४ पासून एक सोय झाली आहे. स्वारगेटास उतरतांच मेट्रो मिळते; जिल्हा न्यायालयाच्या स्थानकांत गाडी बदलून रामवाडी गांठावी व पुढें रिक्षा करावी. तेथें एक मार्ग भुयारांत व दुसरा उंच खांबांवर असल्यामुळें बदल लांबचा वाटतो. परंतु उद्वाहक व सरकते जिने आहेत, आणि एक-दोन बॅगांच्या प्रवाशास हा मार्ग स्वस्त व वक्तशीर पडतो. सोलापूर रस्त्यानें मोटारींतून येणाऱ्या इंदापूरकरानें शहरांत शिरूंच नये. हडपसरास उजवीकडे वळून मगरपट्टा, मुंढवा, खराडी या वाटेनें विमाननगर गांठावें. किंवा त्याही आधीं थेऊर फाट्यावरून केसनंद, वाघोली या मार्गानें लोहगांवास जावें. कोणती वाट त्या दिवशीं मोकळी आहे तें फोनवरील नकाशा सांगतो.

बारामतीस धावपट्टी आहे, परंतु तेथून तिकीट काढून जावें असें नियमित प्रवासी विमान नाहीं. म्हणून परदेशीं जाणाऱ्या वृद्धांसाठीं आम्हांस बरा वाटणारा मार्ग असा: पुण्याहून दिल्लीमार्गें एकाच तिकिटावर जावें. विमानांतील वेळ थोडा वाढतो, पण जमिनीवरचे दीडशें किलोमीटर वांचतात. परत येतांना मात्र साधारणपणें दिल्लीसच सामान ताब्यांत घेऊन, जकातीची तपासणी करवून, तें पुन्हां द्यावें लागतें. यासाठीं मध्यें तीन-चार तासांची तरी सवड ठेवावी.

एकटे येणारे आजी-आजोबा असतील तर आणखी चार गोष्टी आधीं कराव्या. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतांनाच नोंदवावी. ती मागण्यांत कमीपणा नाहीं. खुर्ची ढकलणारा मनुष्य तपासणीच्या रांगांतून वाट दाखवितो, हाच तिचा खरा फायदा. दुसरें, सहा महिने परदेशीं राहिलेल्या माणसाचें येथलें सिम बंद पडलेलें असूं शकतें; मग मोटारवाला विचारतो तो ओटीपी येणार कोठून? तेव्हां सिम चालू राहील अशी तजवीज करावी किंवा मोटार घरच्या माणसानेंच ठरवावी. तिसरें, घ्यावयास येणाऱ्याचें नांव, फोन व मुक्कामाचा पत्ता मराठींत व इंग्रजींत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो अंगावरच्या कपड्यांत ठेवावा, बॅगेंत नव्हे. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाहीं. चौथें, औषधें, चष्मा, थोडे भारतीय रुपये व शाल हीं हातांतल्या पिशवींत असावीं. मोठी बॅग मागें राहिली तर रात्र निभावली पाहिजे.

इतकें सांगितल्यावर कुटुंबाचा वांटा संपला, सरकारचा उरतो. विमानतळ आधीं व वाट मागाहून, ही चूक मोठमोठ्या राष्ट्रांनींही केली आहे. लंडनचें हीथ्रो १९४६ सालीं नागरी विमानांस खुलें झालें, पण तेथें भुयारी रेल्वे पोंचावयास १९७७ साल उजाडलें. टोकियोच्या नारिता विमानतळाचा प्रारंभ १९७८ चा; टर्मिनलाच्या खालींच आगगाडी येऊं लागली ती १९९१ सालीं. आपल्याकडे बंगळूरचा नवा विमानतळ मे २००८ मध्यें शहरापासून पस्तीस-एक किलोमीटरांवर उघडला, आणि एक तप उलटून गेलें तरी तेथें मेट्रो पोंचली नव्हती. याउलट जर्मनींतील फ्रांकफुर्टानें १९७२ सालींच विमानतळाच्या पोटांत रेल्वे स्टेशन बांधलें. आणि दिल्लीनें फेब्रुवारी २०११ मध्यें जी स्वतंत्र मेट्रो सुरू केली, ती नवी दिल्ली स्टेशनावरून प्रवाशास सुमारें वीस मिनिटांत विमानतळावर नेते.

हें सांगण्याचें कारण आमच्या शेजारीं आहे. पुरंदर तालुक्यांत वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी व पारगांव या सात गांवांच्या जमिनींवर नवा विमानतळ योजिला आहे. तो झाला तर जेजुरी-सासवडच्या वाटेवरचा म्हणून बारामतीकरांना लोहगांवाहून सोयीचा होईल. परंतु पुणेंकरांना दिवे किंवा बोपदेव घाट ओलांडून तेथें यावें लागेल. ज्या शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी त्यांत जावयाच्या आहेत त्यांचा त्यास विरोध झालेला आहे, व त्यांचें समाधान हा पहिला प्रश्न खराच. पण ज्यांच्याकडून इतकी मोठी किंमत मागावयाची, त्यांच्या त्यागावर उभा राहणारा विमानतळ निदान अर्धवट तरी असूं नये. घाटांतील रस्ता, रेल्वे अगर मेट्रो आणि रात्रीच्या विमानांना जोडलेली सार्वजनिक बस या तीन गोष्टी धावपट्टीच्याच आराखड्यांत व त्याच मुदतींत बसल्या पाहिजेत, असा आग्रह आपल्या दोन्ही तालुक्यांतील सुशिक्षितांनीं आतांच धरावा. धावपट्टी झाल्यावर धरलेला आग्रह पंधरा-वीस वर्षें वाट पाहावयास लावतो, हें वरील उदाहरणांवरून उघड आहे.

तोंवर घरापुरता एक नियम पुरे आहे. तिकीट काढण्यापूर्वीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून प्रवास उलट्या टोंकाकडून मोजावा: आपल्या उंबरठ्यापासून विमानतळापर्यंत आधीं, आणि आकाश मागाहून. विमान दिवसां उतरतें काय, तेथून रेल्वे, मेट्रो वा बस त्या वेळीं चालू असते काय, आणि नसल्यास रात्रीचा मुक्काम कोणाकडे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें हातीं आल्यावाचून पैसे भरूं नयेत. चार-दोन हजार अधिक गेले तरी चालतील. आपलें माणूस झोपलेल्या चालकाच्या हातीं देऊं नये.